श्वास थांबतो तेव्हा जवळ कोण असतं?

(वालावल, ता. कुडाळ येथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज मी एका औषधाबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव नॅलॉक्सोन. तुमच्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय? हात वर करा. दोन... तीन. ठीक आहे. आपण उठू तेव्हा ते सगळ्यांना ठाऊक असेल, एवढीच माझी अपेक्षा आहे.

व्यसन करू नका, हे सांगायला मी आलेली नाही. ते तुम्ही शाळेत ऐकलंय, घरी ऐकलंय, जुम्म्याच्या बयानात ऐकलंय, आणि ते बरोबरच आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्याने ते ऐकलं नाही, किंवा ऐकूनही ज्याला जमलं नाही, असा एक मुलगा खोलीत जमिनीवर पडलाय. ओठ निळे झालेत. घशातून घरघर येतेय. त्याच्याजवळ तुम्ही आहात, दुसरं कोणी नाही. आता काय करणार?

मी नर्स आहे. त्या मुलाला आमच्याकडे आणतात तेव्हा बहुतेक वेळा सगळा प्रश्न वेळेचा असतो. म्हणून आज हे तुमच्याशी बोलायचं आहे. डॉक्टरांपर्यंत पोचण्याआधीची जी मिनिटं असतात, ती तुमच्या हातात असतात, आमच्या नाही.

आधी शरीरात काय होतं ते समजून घेऊ. अफूपासून बनलेली किंवा अफूसारखं काम करणारी जी द्रव्यं आहेत, त्यांना ओपिऑइड म्हणतात. अफू, हेरॉइन, ज्याला आपण गर्द म्हणतो ती ब्राऊन शुगर, मॉर्फिन, कोडीन असलेली खोकल्याची सिरपं, ट्रॅमाडॉलच्या गोळ्या, फेंटानिल, ही सगळी त्याच घराण्यातली. यातली बरीचशी उत्तम औषधं आहेत. कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिनने जो आराम मिळतो, तो दुसऱ्या कशाने मिळत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत ते सुरक्षित आहे. घरात कोणाला मॉर्फिन चालू असेल तर माझं बोलणं ऐकून ते बंद करू नका.

पण मात्रा जास्त झाली, किंवा त्यात दारू आणि झोपेच्या गोळ्यांची भर पडली, की ओपिऑइड मेंदूतल्या श्वासाच्या केंद्रालाच गुंगी आणतं. आपण झोपेत असलो तरी मेंदू श्वास चालू ठेवतो. इथे मेंदू ते काम सोडून देतो. श्वास मंद होतो, मग मध्ये मध्ये थांबतो, मग थांबतोच. हृदय थोडा वेळ चालू असतं, पण रक्तात प्राणवायू उरत नाही. अशा वेळी चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. ओव्हरडोसने माणूस मरतो तो असा. विषासारखा तडफडत नाही. झोपल्यासारखा जातो. म्हणूनच घरच्यांना वाटतं, झोपलाय, झोपू दे, सकाळी बघू.

नॅलॉक्सोन इथे काम करतं. मेंदूत ज्या जागांवर ओपिऑइड जाऊन बसतं, त्याच जागांवर नॅलॉक्सोन जास्त घट्ट बसतं आणि ओपिऑइडला तिथून उठवतं. दोन-चार मिनिटांत श्वास परत सुरू होऊ शकतो. त्याची नशा चढत नाही, त्याचं व्यसन लागत नाही. अंगात ओपिऑइड नसेल तर त्याचा काही परिणामही होत नाही. म्हणजे तुमचा अंदाज चुकला तरी औषधाने नुकसान होत नाही.

हे औषध नवीन नाही. १९६१ मध्ये अमेरिकेत जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन यांनी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७१ मध्ये तिथल्या सरकारने ते वापरायला मंजुरी दिली. १९८३ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतही आहे. फिशमन यांच्याबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००३ मध्ये त्यांचा सावत्र मुलगा हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला. ज्याने हे औषध शोधलं, त्याच्याच घरातला मुलगा. पुढे त्यांच्या पत्नीने हे औषध लोकांच्या हातात जावं म्हणून प्रचार केला. औषध जगात असणं वेगळं आणि गरजेच्या मिनिटाला माणसाजवळ असणं वेगळं. माझ्या आजच्या बोलण्याचं सार एवढंच आहे.

हे अंतर कसं कमी करता येतं, याचं एक चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांचं आहे. सैनिकांचं उदाहरण का घेते, ते सांगते. आपल्या जिल्ह्यात फौजेतून निवृत्त झालेले लोक गावोगाव आहेत. त्यांना कोणी गर्दुल्ला म्हणणार नाही. सलाम करतो आपण त्यांना. अमेरिकेतही तसंच आहे. तिथे माजी सैनिकांसाठी सरकारची स्वतंत्र आरोग्य यंत्रणा आहे. हजाराच्या वर दवाखाने आणि रुग्णालयं, सुमारे ९० लाख नोंदलेले माजी सैनिक. लढाईत पाठ मोडलेली, पाय गेलेला, रात्री झोप येत नाही अशी ही माणसं. त्यांना वर्षानुवर्षं ओपिऑइडच्या वेदनाशामक गोळ्या दिल्या गेल्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की या यंत्रणेतल्या रुग्णांचं अपघाती विषबाधेने, म्हणजे मुख्यतः औषधांच्या ओव्हरडोसने, मरण्याचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या जवळपास दुप्पट होतं.

त्यांच्यासमोर दोन रस्ते होते. एक, माणसाला दोष द्यायचा. दुसरा, व्यवस्था बदलायची. त्यांनी दुसरा रस्ता घेतला. २०१३ पासून गोळ्या लिहून देण्यावर लक्ष ठेवायला सुरुवात झाली. २०१४ पासून देशभर एक कार्यक्रम सुरू झाला. त्यात दोन गोष्टी होत्या, ओव्हरडोस ओळखायला आणि हाताळायला शिकवायचं, आणि नॅलॉक्सोन घरी न्यायला द्यायचं. ज्याला धोका आहे त्याला तर द्यायचंच, आणि त्याच्या बायकोला, भावाला, मित्रालाही शिकवायचं. याचं कारण साधं आहे. बेशुद्ध पडलेला माणूस स्वतःला इंजेक्शन देऊ शकत नाही.

मग त्यांच्या लक्षात आलं की पैशाचाही अडथळा आहे. २०१६ मध्ये तिथे कायदा झाला आणि जास्त धोका असलेल्या माजी सैनिकांना नॅलॉक्सोनसाठी स्वतःच्या खिशातून जो वाटा भरावा लागायचा, तो रद्द झाला. त्याचं शिक्षणही मोफत झालं.

मग आणखी एक अडचण दिसली. रुग्णालयाच्या आवारातच माणसं कोसळत होती. बाथरूममध्ये, पार्किंगमध्ये. औषध इमारतीत होतं, पण कुलपात, दुसऱ्या मजल्यावर. बॉस्टनच्या रुग्णालयाने यावर साधा उपाय काढला. हृदय बंद पडलं तर झटका द्यायचं यंत्र असतं ना, एईडी, ते भिंतीवर पेटीत लावलेलं असतं. त्याच पेटीत त्यांनी नॅलॉक्सोन ठेवलं. आवारात फिरणाऱ्या पोलिसांच्या खिशातही दिलं. २०१८ मध्ये ही पद्धत देशभरच्या माजी सैनिक रुग्णालयांनी उचलली. २०२० पर्यंत दोन लाखांहून अधिक रुग्णांच्या हातात औषध गेलं होतं, तीन हजारांवर पोलिसांकडे होतं आणि हजारावर पेट्यांमध्ये होतं. कित्येक माणसं त्यामुळे परत उठून बसली. २०२३ मध्ये तर अमेरिकेने नाकात मारायचा नॅलॉक्सोनचा स्प्रे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानात विकायला परवानगी दिली.

अमेरिकेचं कौतुक करायला हे सांगत नाही. गोळ्यांचा हा पूर तिथल्याच औषध कंपन्यांनी आणि डॉक्टरांनी आणला होता. पण पोलिसाच्या हातात बेडीबरोबर जीव वाचवणारं औषध देणं, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तुम्ही म्हणाल, ते श्रीमंत देश आहेत. मग दुसरं उदाहरण घ्या. कझाकस्तान, किरगिझस्तान, ताजिकिस्तान आणि युक्रेन. यातले पहिले तीन देश मुस्लिमबहुल आहेत, आणि ताजिकिस्तान तर गरीब आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने तिथे १४ हजारांहून अधिक लोकांना प्रशिक्षण दिलं आणि औषध हातात दिलं. नशा करणारे, त्यांचे मित्र, त्यांच्या आया-बहिणी. अभ्यासात भाग घेतलेल्यांपैकी ज्यांच्या डोळ्यांसमोर ओव्हरडोस झाला, त्यातल्या सुमारे ९० टक्के लोकांनी ते औषध वापरलं. सामान्य माणूस घाबरून जातो, त्याला जमत नाही, हा समज तिथे खोटा ठरला.

आता आपल्या देशाकडे येऊ. २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून केलेल्या पाहणीचा अहवाल आला. ओपिऑइडच्या वापरामुळे मदतीची गरज असलेले लोक देशात सुमारे ७७ लाख, आणि सुईने नशा करणारे सुमारे साडेआठ लाख. ओपिऑइडचं व्यसन असलेल्यांची संख्या ज्या मोजक्या राज्यांमध्ये जास्त आहे, त्यात महाराष्ट्राचं नाव आहे.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. १९८० च्या दशकात मुंबईत गर्द आला तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. ते वाचून महाराष्ट्र हादरला. २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक पाठबळ दिलं. मुंबईत संकल्प ही संस्था १९९० च्या दशकापासून रस्त्यावर राहणाऱ्या नशा करणाऱ्यांबरोबर काम करते. मणिपूर आणि नागालँडमध्ये तर स्वतः या वाटेवरून गेलेल्या कार्यकर्त्यांनी वस्तीत नॅलॉक्सोन देऊन माणसं वाचवली आहेत. म्हणजे आपल्या देशात हे होऊ शकतं, झालेलं आहे. पण औषध घरी न्यायला देणारा देशव्यापी कार्यक्रम आपल्याकडे उभा राहिलेला नाही. इथे ते मुख्यतः इंजेक्शनच्या स्वरूपात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर तुम्ही चुकीचा भरवसा घेऊन घरी जाल. नॅलॉक्सोन फक्त ओपिऑइडवर चालतं. मालेगाव, औरंगाबादकडे ज्याला कुत्ता गोळी म्हणतात, ती अल्प्राझोलाम असते. झोपेची, चिंतेवरची गोळी. तिच्यावर नॅलॉक्सोनचा उपयोग नाही. एमडीवर नाही. २०२४ मध्ये पुण्याजवळ कुरकुंभला ज्याचा मोठा साठा पकडला तेच हे एमडी. दारूवरही नाही. पण रस्त्यावरच्या पुडीत काय मिसळलंय, हे घेणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि बरेच जण दोन-तीन गोष्टी एकत्र घेतात. म्हणून नियम असा: श्वास मंद आहे, माणूस उठत नाही, तर औषध असेल तर द्यायचं आणि नसेल तरी पुढची सगळी कामं करायची.

आता ती कामं. कृपा करून नीट ऐका, मी नंतर तुमच्याकडून म्हणून घेणार आहे.

पहिलं, ओळखा. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक. ओठ आणि नखं निळसर किंवा राखाडी. श्वास फार हळू, किंवा घोरल्यासारखी घरघर. हाक मारली, खांदा हलवला, छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या सांध्यांनी जोरात चोळलं, तरी प्रतिसाद नाही. एवढं दिसलं तर ती झोप नाही.

दुसरं, १०८ ला फोन करा. काय सांगायचं? "माणूस बेशुद्ध आहे, श्वास नीट घेत नाही." पत्ता द्या. वालावलसारख्या गावात देवळाची, शाळेची, तळ्याची खूण सांगा, आणि एकाला रस्त्यावर उभं करा. नशेचं काय घेतलं हे माहीत असेल तर गाडीत आलेल्या डॉक्टरांना सांगा. त्यांना उपचारासाठी ते कळायला हवं.

तिसरं, श्वास द्या. उताणं झोपवा, तोंडात काही अडकलं असेल तर काढा, कपाळ मागे आणि हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरा, आणि दर पाच सेकंदांनी तोंडाने एक श्वास द्या. छाती वर येताना दिसली पाहिजे. ओव्हरडोसमध्ये कमतरता श्वासाची असते, म्हणून हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्याकडे नॅलॉक्सोन नसेल, तरी हा श्वास त्या माणसाला १०८ येईपर्यंत जगवू शकतो. नाडी लागत नसेल तर छातीवर दाब देणं सुरू करा.

चौथं, नॅलॉक्सोन असेल आणि शिकलेला माणूस असेल तर द्या. आपल्याकडचं इंजेक्शन साधारण ०.४ मिलिग्रॅमचं असतं, मांडीच्या किंवा दंडाच्या स्नायूत देता येतं. दोन-तीन मिनिटांत फरक नाही तर दुसरं.

पाचवं, तिथेच थांबा. हे लोक विसरतात. नॅलॉक्सोनचा परिणाम साधारण अर्ध्या ते दीड तासात ओसरतो. अंगातलं ओपिऑइड त्याहून जास्त वेळ टिकू शकतं. म्हणजे उठून बसलेला माणूस परत बेशुद्ध पडू शकतो. तो उठेल तेव्हा चिडलेला असेल, त्याला थंडी वाजेल, उलटी होईल, तो म्हणेल मला जाऊ दे. त्याला एकटं सोडू नका, त्याने परत काही घेऊ नये म्हणून समजवा, आणि दवाखान्यात न्याच. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी छातीत जाणार नाही.

आणि काय करायचं नाही? मिठाचं पाणी, लिंबू, ताक, दूध पाजायचं नाही. बेशुद्ध माणसाच्या घशात काहीही ओतलं तर ते फुप्फुसात जातं. थंड पाण्याच्या बादल्या ओतायच्या नाहीत. थोबाडीत मारत बसायचं नाही. खोलीत एकटं ठेवून दार ओढून घ्यायचं नाही.

आता पोलिसांच्या भीतीबद्दल, कारण मला माहीत आहे की तुमच्या मनात तोच प्रश्न आहे. आपल्या पोरांना तर ही भीती दुप्पट असते. दोस्त पडलाय, पण पोलीस आले तर आपलंच नाव येईल, म्हणून पोरं पळून जातात. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. एनडीपीएस हा १९८५ चा कायदा आहे. त्याच्या कलम २७ खाली सेवन हाही गुन्हा आहे, हेरॉइनसाठी एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. रुग्णालय अशा केसची पोलिसांकडे नोंद करू शकतं. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकला आणि त्याने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. आणि १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की डॉक्टरांनी आधी जीव वाचवायचा, कायद्याची कागदं नंतर. पोलीस केस आहे म्हणून कोणताही दवाखाना तुम्हाला दारातून परत पाठवू शकत नाही. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात संरक्षण आहे. ओव्हरडोसच्या वेळी १०८ ला फोन करणाऱ्यालाही तसंच स्पष्ट संरक्षण मिळावं, ही मागणी आपण करायला हवी. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी असे कायदे केले आहेत.

पोलिसांपेक्षा मोठी भीती मात्र घरातली असते. लाज. "लोक काय म्हणतील, हराम गोष्ट केली, घराण्याचं नाव गेलं." मुलगा गेला तर सांगतात, अटॅक आला. आई आयुष्यभर ते खोटं उराशी धरून जगते, आणि शेजारच्या घरातल्या आईला सावध व्हायची संधी मिळत नाही. नशा हराम आहे, यावर माझा काही वाद नाही. पण जीव वाचवण्याचं मोल आपल्याला लहानपणी शिकवलं, तेव्हा "आधी त्या माणसाचं चारित्र्य तपासा" असं कोणी सांगितलं नव्हतं. ज्याला तौबा करायची आहे, तो आधी जिवंत तर हवा.

काही जण म्हणतील, असं औषध हाताशी दिलं तर पोरं बिनधास्त नशा करतील. तुम्ही किनाऱ्यावरचे लोक आहात, तुम्हाला हे उत्तर सोपं आहे. होडीत लाइफ जॅकेट ठेवलं म्हणून कोणी मुद्दाम समुद्रात उडी मारत नाही. आणि नॅलॉक्सोन दिल्यावर व्यसनी माणसाला जे होतं ते सुखाचं नसतं. अंग मोडून येतं, ओकाऱ्या येतात. त्याची मजा कोणी घेत नाही.

धोका कधी वाढतो, हे घरच्यांना ठाऊक असायला हवं. माणूस काही आठवडे नशेपासून दूर राहिला की शरीराची सवय मोडते. मग तो परत जुनाच डोस घेतो आणि तो त्याला झेपत नाही. म्हणून व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे फार धोक्याचे असतात. याच हिशोबाने आपल्याला आणखी एक काळ लक्षात ठेवायला हवा. रमजान. महिनाभर एखादा मुलगा निश्चयाने दूर राहतो. घरात सगळे खूश. आणि ईदनंतर जुने मित्र भेटतात. शरीराला ते तीस दिवस माहीत असतात, हाताला मात्र जुनंच माप माहीत असतं. म्हणून ईदनंतरचे दिवस त्याच्यासोबत राहा. पाळत ठेवू नका, सोबत करा. घसरला तर एकट्याने, दार बंद करून काही करू नकोस, एवढं तरी त्याला सांगता आलं पाहिजे.

मग आपण इथून जाऊन काय करायचं? चार कामं सांगते, चारही होण्यासारखी आहेत.

एक. आपापल्या मोहल्ल्यात, मंडळात, कॉलेजमध्ये प्रथमोपचाराचं एक सत्र घ्या. श्वास द्यायला आणि छातीवर दाब द्यायला शिका. हे शिकलेलं बुडालेल्या माणसालाही उपयोगी पडतं. कर्ली नदीच्या काठावर राहणाऱ्यांना ते यायलाच हवं. मुलींना या सत्राला आणा. घरात पहिल्यांदा लक्षात येतं ते बहिणीच्या आणि आईच्या.

दोन. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा: नॅलॉक्सोन आहे का? किती आहे? मुदत संपलेलं तर नाही ना? तातडीच्या ट्रेमध्ये आहे की कपाटात कुलूपबंद? रुग्ण कल्याण समिती असते, तिच्या बैठकीत हा विषय मांडा. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. साध्या मराठीत लिहा, भांडणाच्या सुरात नको.

तीन. माजी सैनिकांसाठी आपल्याकडे २००३ पासून केंद्र सरकारची ईसीएचएस योजना आहे. गावातल्या निवृत्त फौजींना या कामात घ्या. त्यांच्या संघटनांनी मागणी केली की दीर्घकाळ ओपिऑइडच्या गोळ्या चालू असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना ही माहिती आणि औषध मिळावं, तर त्या मागणीला वजन येईल. आणि एक मोठा फायदा होईल. हा विषय "त्या पोरांचा" राहणार नाही. पाठदुखीची गोळी घेणाऱ्या सुभेदार साहेबांचाही होईल, कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिन घेणाऱ्या आजीचाही होईल. अमेरिकेत हेच झालं. सैनिकाचं नाव लागलं आणि लाजेचा पडदा थोडा बाजूला झाला.

चार. ज्याच्या घरात ओपिऑइडचं व्यसन आहे त्याने डॉक्टरांना थेट विचारावं: नॅलॉक्सोन लिहून देता का, आणि द्यायला शिकवता का? चिठ्ठीवर ते मिळू शकतं. आणि उपचारासाठी तीन नंबर फोनमध्ये आत्ताच साठवा. तातडीसाठी १०८. व्यसनमुक्तीच्या मदतीसाठी १४४४६. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस, १४४१६. ओव्हरडोसमधून वाचलेला माणूस काही वेळा दुसऱ्या दिवशी उपचाराला तयार होतो. ते दार उघडं असतं तेव्हा कोणीतरी तिथे असायला हवं. ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन अशी औषधं घेऊन लोक वर्षानुवर्षं नोकरी करतात, संसार करतात. तेही उपचारच आहेत, नशेला दुसरी नशा नव्हे.

औषधाचा शोध लागून साठ वर्षं झाली. कायद्याची काही कलमं आपल्या बाजूने आहेत. रुग्णवाहिका आहे. कमी आहे ती एकच गोष्ट, त्या मिनिटाला जवळ उभा असलेला आणि न पळणारा माणूस. तो डॉक्टर असायची गरज नाही. तो अठरा-वीस वर्षांचा, वालावलचा, कुडाळचा, मालवणचा, मुंब्र्याचा कोणीही असू शकतो.

चला, आता उठा. दोघादोघांची जोडी करा, एकाने जमिनीवर झोपायचं. पहिली पायरी कोण सांगतंय?